चाळिशीतलं स्वप्न ही खासगी बाब नाही

पस्तिशी-चाळिशीतल्या माणसाला ‘तुम्हाला अजून काय व्हायचंय?’ असं आपल्याकडे कुणी विचारत नाही. हा प्रश्न पाचवी-सहावीतल्या मुलांसाठी राखून ठेवलेला आहे. पाहुणे आले की तो हमखास विचारला जातो आणि पोरंही डॉक्टर, पोलीस, कलेक्टर असं काहीतरी ठोकून देतात. तोच प्रश्न त्यांच्या आईला विचारून बघा. ती आधी हसेल, मग म्हणेल, ‘आता आमचं काय राहिलंय? पोरांचं मार्गी लागलं की झालं.’ बाप घराचे हप्ते सांगेल, म्हाताऱ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगेल, मुलीची फी सांगेल आणि मग गप्प होईल.

या गप्प होण्याला आपण कधी स्वभाव म्हणतो, कधी वय. त्यावरचे उपायही तसेच असतात. प्रेरणादायी व्याख्यानं, पहाटे पाचला उठण्याचे सल्ले, सकाळी सकाळी येऊन पडणारे सुविचार. एखाद्याला त्याचा उपयोग होतही असेल. पण चाळिशीत स्वप्न बघता येणं हे मनाच्या उभारीवर फार थोडं अवलंबून असतं, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी बसायला जागा लागते, सोबत लागते आणि फसलं तरी घर कोसळणार नाही एवढी हमी लागते. या गोष्टी समाज आणि सरकार पुरवतं किंवा पुरवत नाही. म्हणून याची चर्चा समुपदेशकाच्या खोलीत जेवढी व्हायला हवी, तेवढीच ग्रामसभेत आणि विधिमंडळातही व्हायला हवी.

मुंबईत जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००४ साली यासंबंधी एक महत्त्वाची मांडणी केली. आकांक्षा बाळगणं ही एक क्षमता आहे आणि ती समाजात सारखी वाटली गेलेली नाही, असं ते म्हणतात. सुखवस्तू घरातल्या माणसाला ही क्षमता सरावाने येते. कुणा चुलतभावाने नोकरी सोडून दुसरा अभ्यास धरला, कुणा मावशीने पन्नाशीत छोटा धंदा काढला, एकाचं फसलं तर तो दुसरीकडे वळला, हे सगळं तो लहानपणापासून बघत असतो. कुठल्या दारातून कुठे निघता येतं हे त्याला ठाऊक असतं. गरिबाच्या इच्छा कमी नसतात. पण इच्छेपासून तिच्या पूर्तीपर्यंतच्या पायऱ्या आखायचा सराव त्याला कुणी करू दिलेला नसतो, आणि जे वापरात नसतं ते गंजतं.

ही मांडणी त्यांनी हवेत केलेली नाही. ज्या कामाच्या आधारावर ती उभी आहे ते मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये झालेलं आहे. १९८५ साली फुटपाथवरच्या रहिवाशांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि झोपड्या कधीही उठवल्या जातील अशी धास्ती पसरली. त्या काळात भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायका ‘महिला मिलन’ या नावाने एकत्र आल्या. तारणार कोण, याची वाट बघत न बसता त्यांनी आपल्याला कसं घर हवंय ते ठरवायला घेतलं. नकाशे काढता येत नव्हते, तर साडीच्या लांबीने मापं घेतली. चौदा फूट उंचीची एकच खोली आणि मध्ये पोटमाळा, म्हणजे वर झोपता येईल आणि खाली काम करता येईल, अशी मांडणी त्यांनी पक्की केली. मग त्या घराचा खऱ्या आकाराचा नमुना उभा करून लोकांना, अधिकाऱ्यांना बोलावून दाखवला. त्यांच्यापैकी कित्येकींना पुढे बऱ्याच वर्षांनी मानखुर्दला पक्की घरं मिळाली. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते घर मिळण्याच्या आधीचं काम. ज्यांना उद्या आपली झोपडी जागेवर असेल का याचीही शाश्वती नव्हती, त्या बायका पोटमाळा किती उंचीवर हवा यावर भांडत होत्या. एकटीने फुटपाथवर बसून असं भांडण करता येत नाही. त्याला दहाजणी लागतात, रोजची बैठक लागते आणि तुमचं म्हणणं लिहून घेणारं कुणीतरी लागतं.

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ ला ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती काढली. पोथी आपल्याला स्वतः वाचता आली असती तर बरं झालं असतं, अशी खंत गावातल्या आज्यांनी बोलून दाखवली होती, तिथून हे सुरू झालं. गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-पेन्सिल घेऊन वर्गात बसलेल्या आज्यांचे फोटो जगभर गेले आणि लोकांनी कौतुकाने बघितले. कौतुकात एक गोष्ट निसटली. ती शाळा चालली, कारण ती दुपारी दोन ते चार भरायची. सकाळची कामं उरकलेली असायची आणि संध्याकाळचा स्वयंपाक अजून लांब असायचा. गणवेश सगळ्यांना सारखा होता, त्यामुळे ‘या वयात ही कुठे निघाली’ असं एकटीला कुणी म्हणायची सोय राहिली नाही. साठी उलटलेल्या बाईच्या मनात शिकायची इच्छा होतीच. बाकी होतं ते वेळापत्रक, आणि ते बाहेरच्या माणसाने जुळवून दिलं.

मी काही काळ मुंबईतल्या एका रात्रशाळेत मराठी शिकवायला जात असे. इमारत दिवसशाळेची, त्यामुळे बाकंही लहान मुलांच्या मापाची. गुडघे आडवे करून बसलेली तिशीतली माणसं, कुणी कॅन्टीनमधून सुटून आलेला, कुणी दिवसभर चार घरची कामं करून आलेली. दहावीच्या वर्गात एकदा ‘माझे स्वप्न’ या विषयावर निबंध लिहायला दिला. बहुतेकांनी गाइडमधला पाठ केलेला निबंध उतरवला, ‘मला मोठेपणी डॉक्टर होऊन गोरगरिबांची सेवा करायची आहे.’ असं लिहिणाऱ्या एका बाईचा मुलगा आठवीत होता. तिच्याच वहीत मागच्या पानावर वेगळं काहीतरी लिहून खोडलेलं दिसलं. ऑफिसातल्या मुलांसाठी मेस काढायची, सुरुवातीला वीस डबे, भाजी एक दिवसाआड मार्केटमधून स्वतः आणायची, हिशेब मात्र दुसऱ्याच्या भरवशावर ठेवायचा नाही म्हणून टक्केवारी नीट शिकायची. सहा-सात ओळी होत्या. ‘हे का खोडलंत?’ म्हणून विचारलं तर ती म्हणाली, ‘सर, परीक्षेत असं चालतं का?’

तिच्याकडे स्वप्न होतं, आकड्यांसकट होतं. ते लिहायची परवानगी आहे हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात गणिताच्या सरांनी टक्केवारीचा धडा डब्यांच्या हिशेबावर घेतला. एका डब्यामागे गॅस किती, तेल किती, तांदूळ दोन रुपयांनी चढला तर उरतं काय. वर्गातला कॅन्टीनवाला मुलगा त्यात तावातावाने बोलायला लागला, कारण त्याच्याकडे रोजचे भाव होते. पुढच्या तासाला वर्गातल्या आणखी तिघांनी आपापल्या धंद्याचे हिशेब मांडले. स्वप्नं एकमेकांना लागण करतात, पण त्यासाठी माणसं एका खोलीत यावी लागतात. ती बाई त्या वर्षी गणितात राहिली आणि पुन्हा बसली. मेसचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही, कारण ती राहायला लांब गेली.

अशा खोल्या कमी होत चालल्या आहेत, हे माझं दुखणं आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये शेतकरी आणि मजुरांसाठी स्वतःच्या घरी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणाऱ्या माणसालाही शिकायचा हक्क आहे आणि त्याच्या सवडीने शाळा भरली पाहिजे, ही कल्पना इतकी जुनी आणि इतकी आपली आहे. पुढे गिरणगावात रात्रशाळा होत्या, वाचनालयं होती, कामगारांची नाटक मंडळं होती. पाळी संपवून आलेला कामगार मॅट्रिकची तयारी करायचा किंवा तालमीला जायचा. १९८२ च्या संपाबद्दल आपण पगाराच्या आणि नोकऱ्यांच्या अंगाने पुष्कळ बोललो. पण गिरणी बंद पडली तेव्हा पाळीच्या वेळा गेल्या, चाळीतली बैठक विस्कटली आणि चाळिशीतल्या माणसाला ‘पुढे काय’ हे ज्यांच्यासोबत बोलता येत होतं ती माणसंही पांगली. ज्या जागेवर गिरण्या होत्या तिथेच पुढे उभ्या राहिलेल्या मॉलच्या दारात त्यांच्यापैकी काहीजण वॉचमन म्हणून उभे राहिले. त्या माणसांना मोठी स्वप्नं बघायचा सल्ला देण्याची कुणाची हिंमत होईल?

रात्रशाळांचंही तसंच झालं. २०१७ मध्ये राज्य सरकारने दिवसशाळेत नोकरी करणाऱ्या शिक्षकांना रात्रशाळेत शिकवायला मनाई केली. बेरोजगार शिक्षकांना काम मिळावं हा त्यामागचा युक्तिवाद समजण्यासारखा होता. पण निर्णय एका फटक्यात अमलात आला आणि वर्षानुवर्षं रात्री शिकवणारे अनुभवी शिक्षक एकदम बाहेर पडले. त्यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला. तोवर ज्यांची हजेरी आधीच डळमळीत होती ती माणसं गळाली. गळालेला प्रौढ विद्यार्थी कुठे तक्रार करत नाही. तो फक्त यायचा थांबतो.

आता कागदपत्रांकडे वळतो, कारण स्वप्नाचा खरा जीव तिथे जातो. शाळा सुटलेल्या माणसाला दहावी करायची तर सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसता येतं. सोय चांगली आहे, अनेकांचं आयुष्य तिने बदललं. पण चाळिशीतल्या बाईच्या जागी उभं राहून तो फॉर्म भरून बघा. शाळा सोडल्याचा दाखला हवा. शाळा माहेरच्या गावात, पंचवीस वर्षांपूर्वीची. तिथे जायचं तर एक दिवसाचा खाडा, एसटीचं भाडं, आणि गेल्यावर कळतं की जुनं रजिस्टर तालुक्याला आहे. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. मग लग्नाचा दाखला काढा, आणि लग्नाची नोंद त्या काळी केलेलीच नसते. कुणी सांगतं राजपत्रात नाव छापून आणा. एवढं सगळं मुकाट्याने करायला घरातून पाठिंबा लागतो, आणि घरातून तर आधीच ऐकायला मिळालेलं असतं, ‘आता शिकून कुठे दिवे लावणार आहेस?’ ती तिसऱ्या खेपेला कंटाळून सोडून देते. नंतर कुणी विचारलं तर सांगते की मला काही फारसं शिकावंसं वाटलं नाही. खेपांनी दमलेल्या माणसाचं उत्तर आपण त्याच्या स्वभावाच्या खात्यावर जमा करतो.

महाराष्ट्राला हे कळत नाही असं नाही. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं ते यासाठीच. बारावी न झालेल्या प्रौढालाही पूर्वतयारी करून पदवीला बसता यावं अशी व्यवस्था त्या विद्यापीठाने केली आणि कंडक्टर, पोलीस शिपाई, अंगणवाडी सेविका अशा माणसांच्या हाती पदव्या आल्या. दुसऱ्या टोकाला केंद्राचा २०२२ ते २०२७ चा नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे, तो पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांना लिहा-वाचायला शिकवतो. तोही हवाच. २०११ च्या जनगणनेत राज्यातल्या बायकांची साक्षरता सुमारे ७६ टक्के होती, म्हणजे जवळपास दर चौथ्या बाईला वाचता येत नव्हतं. पण सही करता येणं आणि पदवी घेणं यांच्या मधला जो लांब पट्टा आहे, सहावी-सातवीला शाळा सुटलेल्यांचा, तिथे तालुक्याच्या गावी संध्याकाळी जाऊन बसावं अशी जागा जवळजवळ नाहीच.

ज्यांना स्वप्न बघायची मुभा आपण देतो, त्यांनाही ती एकाच स्वप्नाची देतो. पुण्यात सदाशिव पेठेपासून नवी पेठेपर्यंतच्या अभ्यासिकांमध्ये रात्री अकराला जाऊन बघा. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मांडून तिशी ओलांडलेली मुलं बसलेली असतात. त्यांना अजूनही मुलंच म्हणतात, यातच पुष्कळ आलं. २०१६ मध्ये राज्याच्या नोकऱ्यांसाठीची वयोमर्यादा खुल्या गटाला ३३ वरून ३८ झाली, मागासवर्गीयांना ती ४३ आहे. पाच वर्षं वाढवून मिळाली, पण मधून बाहेर पडायची वाट कुणी काढून दिली नाही. दहा वर्षं राज्यघटना, अर्थकारण, महाराष्ट्राचा भूगोल घोटलेला माणूस पूर्वपरीक्षेत दोन गुणांनी राहतो तेव्हा त्याच्या हाती कागदाचा कपटाही नसतो. त्या अभ्यासाचं कुठे श्रेय धरलं जात नाही, त्यावर दुसरं काही उभं करता येत नाही. तो गावी परततो, आणि पारावर कुणीतरी विचारतंच, ‘काय झालं रे तुझं?’ ज्या माणसाने एका स्वप्नात जमिनीचा तुकडा, लग्नाचं वय आणि वडिलांचा शब्द असं सगळं लावलं, तो दुसऱ्यांदा कशाला काही लावेल? फसणं इतकं महाग असेल तर शहाणा माणूस स्वप्न बघणं बंदच करणार.

आणि ती स्वप्नं विरून जात नाहीत. ती मुलांच्या खांद्यावर जातात. लातूरमध्ये दहावी झालेल्या मुलाला शिकवणीला घातलं की कित्येक घरांत आई त्याच्यासोबत खोली करून राहायला जाते. दोन वर्षं ती त्याचा डबा, त्याचं अभ्यासाचं वेळापत्रक, त्याचे टेस्टचे मार्क एवढंच बघते. तिच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण एका प्रौढ, धडधाकट, हुशार बाईचा सगळा जीव सोळा वर्षांच्या पोराच्या गुणपत्रिकेत अडकलेला असतो, तेव्हा त्या पोराला नापास होण्याची मुभा उरत नाही. परीक्षेच्या ताणाने मुलं कोलमडतात तेव्हा आपण शिकवण्यांना दोष देतो, अभ्यासक्रमाला देतो. घरातल्या मोठ्यांना स्वतःचं असं काही बघायला उरलेलं नाही, हे कारण आपण मोजत नाही. आई स्वतः संध्याकाळी दोन तास कुठे शिकायला जात असती, तर मुलाच्या मानेवरची तिची नजर आपोआप थोडी सैल झाली असती. म्हणून ‘आधी मुलांच्या शाळा बघा, मोठ्यांचे लाड नंतर’ हा आक्षेप मला पटत नाही. घरातल्या मोठ्यांचं शिकणं आणि मुलांचं मोकळेपण एकमेकांना बांधलेलं आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, समाधानात सुख आहे, सगळ्यांनाच कशाला धावायला लावता, असं सांगणारी माणसं आपल्या घराघरांत आहेत आणि त्यांतली बरीच खरोखर सुखी आहेत. त्यांच्या समाधानाला धक्का लावायचा मला अधिकार नाही. बाजार ज्या हव्यासाला स्वप्न म्हणतो, म्हणजे मोठी गाडी, परदेशवारी, त्याची बाजूही मी घेत नाही. पण निवडलेलं समाधान आणि लादलेलं समाधान यांतला फरक ओळखायला एकच मार्ग आहे. दार उघडं ठेवायचं आणि माणूस बाहेर पडतो की आत बसतो ते त्याला ठरवू द्यायचं. दार बंद असताना आत बसलेल्याला समाधानी म्हणणं हा अन्याय आहे.

अनुताई वाघांचं आयुष्य या बाबतीत मला फार बोलकं वाटतं. १९१० चा जन्म, तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्या काळात तिथेच सगळं संपलं असं धरलं जायचं. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला आदिवासी मुलांच्या बालवाड्या उभ्या केल्या, आणि बी.ए. केलं ते पन्नाशी ओलांडल्यावर, १९६१ मध्ये. त्यांच्या जिद्दीचे गोडवे आपण गातो आणि ते रास्तच आहेत. पण विधवा मुलीला शिकू देणारं घर, नोकरी देणारी शाळा आणि पस्तिशीत नवं काम हाती देणारी ताराबाईंसारखी वडीलधारी सहकारी हेही त्या गोष्टीत आहे. यातलं एक जरी गळलं असतं, तरी नुसत्या जिद्दीवर किती निभावलं असतं?

मग करायचं काय? २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. २१ ते ६५ वयाच्या, अटींत बसणाऱ्या बायकांच्या खात्यात महिना १५०० रुपये. तिच्या राजकारणात मी इथे जात नाही. एक गोष्ट मात्र तिने सिद्ध केली. सरकारने मनावर घेतलं तर गावोगावच्या अंगणवाडी सेविकेमार्फत प्रौढ बाईपर्यंत पोचता येतं, तिची कागदपत्रं काही आठवड्यांत गोळा करता येतात, अडलेल्या अटी सैल करता येतात. मग तीच यंत्रणा वापरून तिला एवढं विचारता येणार नाही का, की बाई, तुम्हाला काय शिकायचंय? सतरा नंबरच्या फॉर्मसाठी पंचविशीपुढच्या उमेदवाराचं नावबदलाचं स्वघोषणापत्र चालवून घ्यावं, आणि जुना दाखला शोधायची जबाबदारी शिक्षण खात्याने उचलावी, उमेदवाराने नाही. खासगी नोकरीत आणि घरकामातही परीक्षेच्या दिवसांची भरपगारी रजा मिळावी. राज्यात अनुदानावर चालणारी सुमारे अकरा हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यांच्या सेवकांना धड पगार दिला, तर त्यांतली निम्मी तरी संध्याकाळी वर्गासारखी वापरता येतील.

यातल्या काही गोष्टींना मंत्रालय लागेल. एका गोष्टीला लागणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या खोल्या संध्याकाळी पाचनंतर कुलपात असतात. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्येने असतात. येत्या बैठकीत त्यांनी विषय मांडावा, की आठवड्यातले तीन दिवस एक खोली मोठ्यांसाठी उघडी राहील, किल्ली कुणाकडे असेल, विजेचं बिल ग्रामपंचायत भरेल का, आणि बायकांना कुठली वेळ सोयीची पडेल. वेळ मात्र बायकांना विचारूनच ठरवावी.